दळण, नळ आणि बाजार : दोघंही कामाला जाणाऱ्या घरातल्या रोजच्या सवयी (खान्देश)

गिरणाकाठ

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरांसाठी हा धागा काढतोय. आईबाबा दोघं नोकरीला किंवा शेतात, मुलं शाळेत, सकाळी सातच्या आत डबे भरायचे. अशा घराला मिळणारे आरोग्याचे सल्ले बहुतेक वेळा ओट्स, सॅलड आणि मोकळा अर्धा तास गृहीत धरून दिलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, बऱ्याच गावांत नळ रोज येत नाही, आणि ताटात भाकरी-वरण. त्यातूनच काय बसतं ते इथे नीट, मापासकट लिहू या.

माझं म्हणणं एवढंच आहे की नव्या सवयीसाठी नवी वेळ शोधू नका. ती सापडत नाही आणि दोघांचं त्यावरून वाजतं. प्रत्येक घरात तीन कामं कुणी न सांगता होतातच : दळण, नळाचं पाणी आणि बाजार. सवय या तिन्हींपैकी एकाला बांधा. दळणाच्या दिवशी पुढच्या पंधरवड्याच्या भाकरीतली प्रथिनं ठरतात. नळाच्या दिवशी डास आणि जुलाब ठरतात. बाजाराच्या दिवशी तेल, मीठ, साखर ठरते, कारण घरात जे आलं ते खाल्लं जाणारच. उरलेल्या दिवसांत फारसं काही ठरवायला लागत नाही.

ज्याला ज्यातलं नक्की माहीत आहे त्यानं ते लिहा.

दळणकांडण

दळणापासून सुरुवात करते. नुसत्या ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) कमी असतं आणि उडदात ते भरपूर असतं. म्हणून कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची भाकरी ही नुसत्या ज्वारीच्या भाकरीपेक्षा सरस. माप : ४ किलो ज्वारीला १ किलो काळे उडीद, सालासकट. काही घरांत ३ ला १ घेतात, ती भाकरी जास्त खमंग पण लहान मुलांना जड जाते. मेथीदाणे घालायचे असतील तर ५ किलोला २ मोठे चमचे पुरेत, त्यापुढे कडवट होतं आणि मुलं ताट सरकवतात.

दळताना मीठ घालायची पद्धत आहे. घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल किंवा कुणाला रक्तदाब असेल तर दळणात मीठ घालू नका, भाकरीच्या पाण्यात घाला. दळणात एकदा पडलेलं मीठ कुणासाठी वेगळं काढता येत नाही. बाळाच्या घासाला वर्षभर वरून मीठ नकोच.

गिरणीत कळणा अगदी बारीक दळायला सांगू नका, किंचित रवाळ असावा. आणि आधी कुणी मिरची किंवा हळद दळली नाही ना, ते विचारा. चार माणसांना १५ दिवसांपुरतंच दळा. उन्हाळ्यात तीन आठवड्यांवर पीठ कडू लागतं, चिकटपणा जातो, थापताना कडा फाटतात, आणि मग "आज पोळ्याच करू" असं होऊन कळणा मागे पडतो. दळून आणलेलं गरम पीठ लगेच डब्यात बंद करू नका. परातीत पसरून पूर्ण गार करा. आतली वाफ झाकणाला लागून पिठात गुठळ्या होतात आणि वास धरतो.

अमळनेरी

ताई, कळण्याची भाकरी सकाळी डब्यात घातली की दुपारी कडक होते, मुलं तशीच परत आणतात. म्हणून बऱ्याच घरांत डब्याला मैद्याचं बिस्कीट किंवा कोरडी शेव जाते. त्यावर उपाय आहे का?

दळणकांडण

@अमळनेरी, आहे. भाकरी कडक होण्याची कारणं तीन : गार पाण्यात भिजवलेलं पीठ, जास्त वेळ शेकलेली भाकरी, आणि गरम असतानाच बंद केलेला डबा. तिसऱ्यात गंमत अशी की वाफेनं आधी ओली होते आणि मग वाळून चिवट.

डब्याची भाकरी उकडीची करा. १ वाटी पाण्याला उकळी आणा, चिमूटभर मीठ, गॅस बंद करून १ वाटी कळण्याचं पीठ घाला, उलथन्यानं हलवून ५ मिनिटं झाकून ठेवा. हाताला सोसेल इतकं गरम असताना पाण्याचा हात लावून मळा. नेहमीपेक्षा पातळ थापा. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवा, ते सुकायच्या आत उलटा. खालची बाजू सुटली की थेट आचेवर फक्त फुगेपर्यंत. उतरवल्यावर सुती फडक्यात १० मिनिटं ठेवून मग डब्यात.

तेवढाही वेळ नसेल त्या दिवशी धिरडी. १ वाटी कळण्याचं पीठ, १ वाटी किसलेला दुधी, अर्धा चमचा ओवा, मीठ, कोथिंबीर. दुधी स्वतःच पाणी सोडतो, म्हणून आधी पाऊण वाटीच पाणी घाला, १० मिनिटांनी बघून लागेल तसं वाढवा. आधीच सव्वा वाटी ओतलं तर धिरडं तव्यावर तुटतं. तवा चांगला तापल्यावर आच मध्यम करा, अर्धा चमचा तेल, पळीनं पसरा, झाकण ठेवून ३ मिनिटं. कडा आपोआप सुटल्याशिवाय उलथनं घालायचं नाही. मुलाच्या हातात मावेल एवढंच धिरडं घाला, मोठं असेल तर अर्धं उरतं.

बरोबर डब्यात एक केळं. रावेर-यावलकडे केळी दारात मिळतात, तरी पोरांच्या डब्यात चॉकलेटची वडी जाते, हे बघवत नाही.

केळीचं पान

मस्त धागा शे भो! एक भर. मोड आणायचे असतील तर उन्हाळ्यात घोटाळा होतो. मूग किंवा मटकी ८ तास भिजवा, निथळून फडक्यात बांधा, पण एप्रिल-मेमध्ये १० ते १२ तासांवर बांधून ठेवू नका आणि मध्ये एकदा खळखळून धुवा. हाताला बुळबुळीत लागले किंवा आंबूस वास आला तर टाकून द्या. लहान मुलांना कच्चे देऊ नका, ५ ते ७ मिनिटं वाफवून द्या. मोड येताना जी ऊब लागते तीच जंतूंनाही लागते.

शिजलेलं अन्न ओट्यावर २ तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही असा नियम आहे. हवा ३२ अंशांवर असली की तो १ तास होतो, म्हणजे आपल्याकडे मार्च ते जून एकच तास धरा. भात सगळ्यात फसवा, त्यातले काही जंतू शिजवूनही मरत नाहीत आणि पुन्हा गरम केल्यानं त्यांचं विष जात नाही. लाइट गेली तर फ्रिज उघडू नका. बंद फ्रिज साधारण ४ तास गारवा धरतो, उघडझाप केली तर बराच कमी.

पांझरा

नळाच्या दिवसाबद्दल मी लिहितो. हे बहुतेक घरांत अर्धवट होतं.

पाणी तीन-चार दिवसांनी किंवा त्याहून उशिरा येत असलं की टाकी, ड्रम, हंडे सगळं भरून ठेवलं जातं. डेंगीचा एडिस डास याच स्वच्छ साठ्यात वाढतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. लोक ड्रम रिकामा करतात, पुन्हा भरतात आणि काम झालं म्हणतात. इथेच चुकतं. या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला चिकटलेली असतात. सुकली तरी काही महिने जिवंत राहतात आणि पाणी चढलं की फुटतात. त्यामुळे ड्रमच्या आतली कड ताठ ब्रशनं किंवा काथ्यानं घासायलाच हवी. एका ड्रमला दोन-तीन मिनिटं जातात.

क्रम असा ठेवा : नळ यायच्या आधी ड्रममधलं उरलेलं पाणी अंगण-संडासाला काढून घ्या, तळातला गाळ ओता, आतून वरपर्यंत घासा, एकदा विसळा. नळ आल्यावर पहिली काही मिनिटं गढूळ पाणी येतं ते धुण्याला. मग पिण्याचं. ड्रमला जुन्या सुती साडीचा तुकडा बांधा आणि तो ताणून बांधा, मध्ये झोळ पडला तर त्या झोळातच पाणी साचतं.

आणि कूलर! मार्चपासून घराघरात चालतो आणि त्याच्या टाकीकडे कुणी बघत नाही. आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करायची, तळ घासायचा, बाजूचं गवत काढून उन्हात वाळवायचं. पाऊस सुरू झाल्यावर कूलर बंद करतात पण टाकीत चार बोटं पाणी तसंच राहतं, जुलै-ऑगस्टमध्ये तिथूनच डास निघतात. फ्रिजच्या मागचा ट्रे आणि कुंडीखालची ताटलीही त्याच दिवशी.

माठाचं वेगळं. तीन-चार दिवसांनी नुसत्या ब्रशनं घासा, साबण लावू नका, माती साबण शोषून घेते. पाणी ओगराळ्यानं काढा. पेला बुडवला की हाताचं सगळं माठात. पावसाळ्यात पाण्याची खात्री नसेल तर खळखळून उकळी आल्यावर किमान १ मिनिट उकळू द्या. जीवन ड्रॉप वापरत असाल तर बाटलीवरच्या मापानं टाकून अर्धा तास थांबायचं, टाकून लगेच पिण्यात काही अर्थ नाही.

नवी_आई_चोपडा

जुलाब लागले तर घरच्या घरी मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

पांझरा

@नवी_आई_चोपडा, १ लिटर पिण्याचं पाणी, ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा सपाट, शीग नाही. मीठ जास्त झालं तर बाळाला अपाय होतो, त्यामुळे अंदाजानं चिमट्या टाकू नका. चव डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागली तर ओतून द्या आणि पुन्हा करा.

घरात ओआरएसची पाकिटं असलेली बरी. मोठं पाकीट १ लिटरला, छोटं २०० मिलिला. पाकीट अख्खंच घालायचं. मोठ्या पाकिटातलं अर्धं पेल्यात टाकणं ही नेहमीची चूक आहे, त्यात मिठाचं प्रमाण बिघडतं. केलेलं पाणी २४ तासांत संपवा, उरलेलं टाका. दुकानातली फळांच्या स्वादाची गोड पेयं ओआरएस नव्हेत, त्यांतली जास्त साखर जुलाब वाढवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार असं पाकिटावर छापलेलं बघून घ्या.

दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिली, मोठ्या मुलाला १०० ते २०० मिली, चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून आणखी हळू. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करायचं नाही. आशाताईंकडे झिंकच्या गोळ्या मिळतात, ६ महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिग्रॅ असा १४ दिवसांचा पूर्ण कोर्स. जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडू नका. डोळे खोल गेले, मूल मलूल झालं, सहा तास लघवी नाही किंवा शौचात रक्त आलं तर घरी वेळ घालवू नका, दवाखाना.

शहादेकर

सातपुड्याच्या पायथ्याच्या लोकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट वेगळी लिहितो. शहादा, तळोदा, धडगाव, अक्कलकुवा भागात आणि भिल्ल, पावरा समाजात सिकलसेलचं (आईबापांकडून येणाऱ्या, लाल रक्तपेशींच्या आजाराचं) प्रमाण जास्त आहे. वरच्या आणि खालच्या काही सल्ल्यांना त्यामुळे मुरड घालावी लागते.

सिकलसेलचा आजार असलेल्या मुलाचं पाणी कमी पडलं की लाल पेशी वाकून बारीक रक्तवाहिन्या अडवतात आणि हातापायात, पोटात, पाठीत जीवघेणी कळ येते. त्याला वर्गात बाटली जवळ ठेवायची आणि मागेल तेव्हा लघवीला जाऊ द्यायची मुभा शाळेकडून आधीच मिळवा. भर उन्हातली कवायत, थंडीत गार पाण्याची अंघोळ, उपाशीपोटी लांब चालणं टाळा. ताप आला तर सकाळपर्यंत वाट न बघता दवाखाना. छातीत दुखणं, धाप, डाव्या बरगडीखाली पोट फुगणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं या प्रत्येकाला त्याच घडीला दवाखाना.

तपासणी दोन टप्प्यांत होते. आधी सोल्युबिलिटी ही रक्ताची प्राथमिक चाचणी. ती पॉझिटिव्ह आली तर आजार आहे की नुसता वाहक (स्वतःला आजार नाही, पण पुढच्या पिढीत जाऊ शकतो) हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या पक्क्या चाचण्यांनी कळतं. पहिल्या तपासणीवरच घरात घबराट होते, ती नको. वाहक माणूस बहुतेक नेहमीसारखाच जगतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के असते. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम २०२३ साली सुरू झाली, तिच्यात तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. लग्नाआधीच करून घ्यावी.

तापीकाठ

@शहादेकर, मग लोहाच्या गोळ्यांचं काय? शाळेत तर सगळ्यांनाच देतात.

शहादेकर

शाळेतला नियम चांगलाच आहे : ५ ते ९ वर्षांना गुलाबी गोळी, १० ते १९ ला निळी, आठवड्यातून एकदा, जेवणानंतर. गोळीनं शौच काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळ होते ती बहुतेक उपाशीपोटी घेतल्यानं. जंतांची अल्बेंडाझोल वर्षातून दोनदा.

सिकलसेलचा आजार असलेल्या मुलाला मात्र लोह डॉक्टरांनी रक्त बघून सांगितलं तरच. ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं त्यांच्या शरीरात लोह आधीच साचत असतं. त्यांना सहसा फॉलिक ॲसिड देतात. वर्गशिक्षकांना हे चिठ्ठीवर लिहून द्या, तोंडी सांगितलेलं बदलीबरोबर जातं.

गिरणाकाठ

इतर घरांत लोहाचा मोठा शत्रू म्हणजे जेवणाबरोबरचा चहा. चहातले टॅनिन लोह अडवतात. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा, खर्च शून्य. मेथी, तांदुळजा, डाळीवर ताटात लिंबू पिळा. शिजताना नाही, उष्णतेनं क जीवनसत्त्व जातं. भाजी लोखंडी कढईत करा, पण झाली की दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते आणि धातूची चव येते.

तापीकाठ

आता बाजार. तेलाचा सोपा हिशेब : माणशी महिन्याला अर्धा लिटर, चौघांना २ लिटर. डब्यावर उघडल्याची तारीख लिहा. १५ किलोचा डबा चार माणसांच्या घरात तीन महिन्यांच्या आत संपत असेल तर तेल दुपटीहून जास्त जातंय. कढईत थेट डब्यातून ओतू नका, तेल चमच्यानंच घालायचं एवढी एक सवय पुरे.

शेवभाजी सोडा असं सांगणाऱ्याचं खान्देशात कुणी ऐकणार नाही आणि ऐकायची गरजही नाही. आठवड्यातून एकदा करा. रस्सा झाला की गॅस बंद करून ५ मिनिटं न हलवता ठेवा, तर्री वर येते, निम्मी पळीनं काढून वाटीत घ्या. ती दुसऱ्या दिवशी वांग्याच्या भाजीला फोडणी म्हणून चालते. शेवेत मीठ असतंच, म्हणून रश्शात नेहमीच्या निम्मं मीठ घाला. शेव वाढायच्या वेळी टाका, आधी टाकली तर लगदा होतो आणि वरून आणखी शेव पडते. बरोबर मुगाचे मोड किंवा काकडी-मुळा ताटात हवाच.

भरिताला १ किलो वांग्याला ३ मोठे चमचे तेल पुरतं. वांगं पूर्ण भाजलं गेलं तर तेलाची गरज कमी पडते. देठाजवळ कच्चं राहिलं की ते शिजवायला जास्त तेल ओतावं लागतं. म्हणून देठाशी सुरी खुपसून बघा, सहज गेली पाहिजे.

पापड भाजून, तोही एक. पापडात मीठ आणि पापडखार दोन्हींतून सोडियम येतं. मोठ्या माणसाला दिवसभराचं मीठ ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, त्यात लोणचं, पापड, शेव, फरसाण सगळं आलं. साखरेचंही बघा : कोल्ड्रिंकच्या ३०० मिली बाटलीत साधारण ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. बाजारातून ती आणलीच नाही तर घरात भांडण होत नाही. त्याऐवजी पातळ ताक, १ वाटी दह्याला ३ वाट्या पाणी, जिरेपूड, किंचित मीठ.

रात्रपाळी_भुसावळ

पाळी बदलती असेल तर हे सगळं कसं जमवायचं? बाबा रात्री अकराला येतात, मुलं जागी राहतात, सकाळी उठत नाहीत.

गिरणाकाठ

मुलांची झोप बाबांच्या पाळीला बांधू नका. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. सकाळची शाळा असली आणि सहाला उठायचं असेल तर नऊला डोळा लागलेला हवा, म्हणजे साडेआठला दिवा मंद आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. एकदम तासभर अलीकडे आणलं तर मूल अंथरुणात तळमळतं. दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं सरकवा. सगळ्यांनी एकत्र जेवायचं तर ते रात्रीचंच असलं पाहिजे असं कुठे आहे? बाबांच्या दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळची न्याहारी एकत्र करा.

रात्रपाळी करणाऱ्यानं मध्यरात्रीनंतर जड जेवू नये. निघताना जेवण, मध्ये केळं किंवा मूठभर फुटाणे-शेंगदाणे, घरी येऊन हलकं खाऊन झोप. चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्यातच, नाहीतर सकाळी झोप लागत नाही. दिवसा झोपायच्या खोलीला गडद पडदा, आणि कूलर लावला तर समोरची खिडकी चार बोटं उघडी. बंद खोलीत कूलर नुसता दमटपणा वाढवतो, मग घाम सुकत नाही आणि झोप मोडते.

गच्चीवर झोपत असाल तर सूर्य मावळल्यावर स्लॅबवर पाणी मारून तासभर निवू द्या, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो. मच्छरदाणी लावाच.

नवी_आई_चोपडा

आणि व्यायाम? जिमला जाणं शक्यच नाही.

केळीचं पान

मोठ्यांना आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे जरा धाप लागेल असं चालणं, १०-१० मिनिटांचे तुकडे चालतात. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी सातनंतर. जेवणानंतरची १५ मिनिटं शतपावली रक्तातली साखर आटोक्यात ठेवायला फार कामाची, ती मुलांना घेऊन करा. आठवड्यातून दोनदा ताकदीचं : हात न टेकवता खुर्चीवरून उठ-बस १० वेळा, भिंतीला हात लावून दंड १० वेळा, दोन फेऱ्या. गुडघे दुखत असतील तर खुर्ची उंच घ्या. मुलांना रोज तासभर पळापळ हवी, लगोरी आणि दोरीच्या उड्या पुरतात.

वय ३० झालेल्यांनी वर्षातून एकदा जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, लघवी करून ५ मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेकवलेला. धावत येऊन दिलेल्या आकड्यावर गोळी सुरू होऊ नये. कमरेचा घेर बेंबीच्या पातळीवर : पुरुष ९० सेंमी, स्त्री ८० सेंमी, याच्या पुढे गेला तर तेल-साखरेचा वरचा हिशेब लगेच लावा.

अमळनेरी

शेवटचं एक. एप्रिलमध्ये शाळेतून दुपारी येताना मुलांना उन्हाचा त्रास होतो. कांदा खिशात ठेवून भागतं का?

पांझरा

@अमळनेरी, खिशातल्या कांद्यानं अंगाचं तापमान कमी होत नाही. निघताना ७५० मिलिची बाटली भरलेली द्या आणि मधल्या सुट्टीपर्यंत निम्मी संपली पाहिजे असं मुलाला सांगा. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय. डोकं, कान आणि मान झाकेल असा ओला सुती रुमाल, सैल सुती कपडे. घरी आल्यावर लगेच फ्रिजचं पाणी घटाघटा नको, माठाचं पाणी किंवा ताक हळूहळू.

डोकं दुखतंय, पोटऱ्यांत गोळे येतायत, घाम भरपूर आहे, तर सावलीत झोपवा, पाय थोडे वर, ओआरएस. पण अंग भट्टीसारखं तापलंय आणि मूल बरळतंय, झटके येतायत किंवा शुद्ध हरपतेय, तर तो उष्माघात. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगभर पाणी ओता, पंखा मारा, मान-काखा-जांघेत गार पाण्याच्या पट्ट्या. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जातं. क्रोसिन देऊन वाट बघू नका, या तापावर तिचा उपयोग होत नाही.